उत्तरेची खिडकी

बोईसरला रिक्षातून उतरताना इंदुबाईचा पदर आपोआप नाकावर जाई. सातपाटीच्या कोळणीने नाक धरावं म्हणजे रिक्षावाल्यांना हसू येणारच, आणि ते हसतही. इंदुबाईला त्याची पर्वा नव्हती. मासळीचा वास हा तिच्या लेखी वासच नव्हता. घरात भांडीकुंडी असतात तसा तो असायचा. बोईसरचा वास वेगळा. नासलेलं अंडं, त्यात रॉकेल, वरून कसलंसं गोडूस औषध, असा तो घशात जाऊन बसे आणि घरी परतल्यावरही उतरत नसे. कारखान्यांमागचा नाला तिने एकदाच पाहिला होता. पाणी जांभळं होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने कसाबसा उमासा आवरला आणि लेकीच्या सासरी पोचल्यावर पहिलं वाक्य बोलली ते हे, "इथं माणसं र्‍हातात तरी कशी?"

ते वाक्य पडलं नेमकं झुंबरबाईच्या कानावर. झुंबरबाई म्हणजे जावयाची, सुजितची आई. बीडकडची, गळ्यात माळ घातलेली. नवरा गेल्यावर पोराकडे राहायला आलेली. सुजित एका केमिकल कंपनीत पाळीवर होता आणि पाम गावाच्या रस्त्याला दोन खोल्यांत राहत होता. त्याने कोळ्याच्या पोरीशी, हेमांगीशी लग्न केलं हे झुंबरबाईने गिळलं होतं, पचवलं नव्हतं. इंदुबाई दारात आली की तीही पदर नाकाला लावी आणि म्हणे, "या ईनबाई. शी. जरा पंखा लावा गं कुणीतरी."

अशा त्या दोन विहिणी. एक दाराबाहेरच्या वासाला नाक धरून आत येणारी, दुसरी आत येणारीच्या वासाला नाक धरून बसलेली. एकमेकींची किळस करण्यात दोघींनी काही बाकी ठेवलं नव्हतं. मध्ये नाक न धरणारी एकच होती, हेमांगीची मुलगी चिमी. ती इंदुबाईला पाहिलं की धावत येई, तिच्या कमरेला मिठी मारी आणि ओच्यात तोंड खुपसून भरभरून वास घेई. "आजी आली, आजी आली," असं त्या लुगड्याच्या आतूनच ओरडे. इंदुबाई मग विहिणीकडे अशी बघे की झुंबरबाई उठून आत जाई.

चिमी सहा वर्षांची होती आणि तिला दम लागायचा. आधी नाक वाहायचं, मग खोकला, मग छातीत शिट्टी वाजायची. पालघरच्या लहान मुलांच्या डॉक्टर जागृती यांनी सांगितलं होतं की हा अ‍ॅलर्जीचा दमा आहे. काहीतरी हिला सोसत नाही, ते श्वासात गेलं की नळ्या आतून सुजतात, चिकट बेडका धरतो आणि वाट अडते. धूळ टाळा, धूर टाळा, श्वासाचा पंप रोज द्या, चुकवू नका. हेमांगीने पडदे काढले, कापसाची गादी देऊन टाकली, चिमीचं केसाळ अस्वल तिच्या डोळ्यांदेखत पोत्यात भरलं. झुंबरबाईने तोंड फुगवून का होईना, देवापुढची उदबत्ती बंद केली. तरी शिट्टी अधूनमधून वाजायचीच.

झुंबरबाई एकदा बोलून गेली होती, "ही ईनबाई येऊन गेली की पोरगी आजारी पडती. बघा तुम्ही."

हे ऐकून हेमांगी दोन दिवस सासूशी बोलली नाही. सुजितने आईला गप्प केलं. इंदुबाईच्या कानावर गेलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी काय नजर लावतंय काय माझ्या नातीला? झुंबरबाईच्या तोंडून इंदुबाईबद्दल बरं असं कधी काही निघालंच नव्हतं, त्यामुळे तिच्या बोलण्यात काही पाहण्यासारखं असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

इंदुबाईचा निकाल ठरलेला होता. पोर या घाण हवेने मरते आहे. एप्रिलच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली तशी ती आली आणि बसायच्या आतच म्हणाली, "पोरीला मी नेतंय. आमच्याकडं समुद्राची हवा हाय. तुमच्या या गटारात ठेवून तिची छाती सुधरायची नाय."

हेमांगीला ते पटलं, कारण ती स्वतः त्याच हवेत वाढली होती आणि तिला कधी साधी सर्दी टिकली नव्हती. सुजितला पटलं, कारण कंपनीतून येताना त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांची आग होत असे. झुंबरबाईला कुणी विचारलं नाही. निघताना हेमांगीने पंप आणि त्याची प्लास्टिकची नळकांडी आईच्या हातात दिली आणि शपथ घातली. इंदुबाईने ती वस्तू मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी दोन बोटांत धरली.

शपथ तिने पाळली, हे सांगायला हवं. रोज सकाळ-संध्याकाळ ती नळकांडी चिमीच्या तोंडाला लावी, मनात पंप काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, पण चुकवीत नसे. पहिले काही दिवस चिमी छान होती. किनाऱ्यावर पळायची, होड्यांच्या सावलीत बसायची, तव्यावरच्या ताज्या बोंबलावर तुटून पडायची. इंदुबाईने हेमांगीला फोनवर ऐकवलं, "बघ. तुझ्या डाक्टरला सांग, माशानं पोरगी कशी टुणटुणीत झाली ती."

मग आगोटीची घाई सुरू झाली. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून त्याआधी घराघरांत सुकी मासळी भरून ठेवायची, आणि गिऱ्हाइकंही तेवढ्यासाठी मनोरपासून येतात. इंदुबाईचा जवळा प्रसिद्ध होता. नखाएवढी ती कोळंबी खळ्यात कडकडीत वाळवायची, हाताने चोळायची आणि सुपात घेऊन पाखडायची. मिशा, डोकी, टरफलं वाऱ्यावर उडून जातात आणि खाली नुसता गुलाबी, स्वच्छ जवळा राहतो. इंदुबाई पाखडायला बसली की तिच्याभोवती बारीक भुसा धुक्यासारखा तरंगे. चिमीला त्यात भारी मजा वाटे. ओंजळी भरून ती जवळा वर उधळी आणि खाली येताना तोंड वर करून उभी राही. इंदुबाई रागवायचं सोडून हसत असे. कोळ्याचं रक्त आहे, म्हणे.

भरलेल्या गोण्या घरात, आतल्या खोलीत एकावर एक रचलेल्या असत. त्यांच्याच पायथ्याशी चिमीचं अंथरूण. त्या खोलीला एक खिडकी होती, उत्तरेकडची. एका दुपारी वारा फिरला आणि बोईसर-तारापूरकडून तो ओळखीचा, अंड्याचा वास आला. आला की नाही कुणास ठाऊक, पण इंदुबाईला आला. ती चवताळून उठली. पोरीला इथवर आणली तर मेले हे वास इथवर पाठीमागं येतात. तिने खिडकी लावून घेतली, फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, दारही लोटलं आणि चिमीला म्हणाली, "आता कुणाच्या बापाची घाण आत येत नाय. तू इथंच खेळ."

चिमी दोन दिवस त्या बंद खोलीत गोण्यांवर चढून घसरगुंडी खेळली. प्रत्येक घसरणीला गोणीतून भुसा उडे. दुसऱ्या दिवशी तिचं नाक वाहायला लागलं. इंदुबाईने खिडकीच्या फटी पुन्हा तपासल्या, आणखी चिंध्या कोंबल्या, आणि नाक मोकळं व्हावं म्हणून जवळ्याचंच लालभडक, झणझणीत कालवण करून पाजलं. तिच्या आईने तिला पाजलं होतं, तिने हेमांगीला पाजलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी वाजू लागली. पंप दिला. पुन्हा दिला. शिट्टी वाढली आणि मग एकाएकी कमी झाली. इंदुबाईला क्षणभर वाटलं, बरं वाटतंय. मग तिने चिमीचं परकर-पोलकं वर केलं आणि पाहिलं. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. डावी बाजू हलत होती, उजवी तशीच पडून होती. पाण्याबाहेर काढलेला मासा तोंड कसं करतो हे इंदुबाईने जन्मभर पाहिलं होतं आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. चिमी तसं तोंड करत होती.

शेजारचा जानू रिक्षा घेऊन आला. पालघरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोरीच्या ओठांचा रंग बदलला होता. ऑक्सिजन लावला, वाफेचं मशीन लावलं, शिरेत सुई गेली, छातीचा फोटो काढला. डॉक्टर जागृतींनी फोटो उजेडात धरला आणि त्यांचं बोलणं एकदम तुटक झालं. उजवी मुख्य नळी आतून बुजली आहे, म्हणाल्या. औषधाने सुटली नाही तर मुंबईला नेऊन दुर्बीण घालून काढावं लागेल. त्यांनी अँब्युलन्स मागवायला सांगितली. एवढ्यात हेमांगी, सुजित आणि झुंबरबाई धापा टाकत आले. हेमांगी आईकडे बघत होती. झुंबरबाईने खोलीत पाऊल टाकलं आणि सवयीने पदर नाकाला लावला. इंदुबाई खळ्यातून उठून आली होती, तिच्या लुगड्याच्या घडीघडीत भुसा होता.

नर्सने चिमीला उपडं धरलं आणि हाताचा द्रोण करून तिच्या पाठीवर थापा मारायला सुरुवात केली. वाफ, थापा, पुन्हा वाफ. चिमीला ढास लागली. डोळे बाहेर येतील असं वाटलं. इंदुबाईने नर्सच्या शेजारी वाकून तिच्या तोंडाखाली हात धरला, आणि एका मोठ्या ढासेबरोबर काहीतरी तिच्या तळव्यावर येऊन पडलं.

तो बेडका नव्हता. पांढरट, रबरासारखी, बोटाएवढी लांब वस्तू. एक जाड देठ आणि त्याला फांद्या, फांद्यांना आणखी बारीक फांद्या, उकडलेल्या शेवया एका देठाला चिकटाव्यात तशा. ती गरम होती. इंदुबाईने तिला बोटाने ढोसलं तर ती तुटली नाही, नुसती ताणली. या हातांनी तिने घोळीची पोटं फाडली होती, मुशीची आतडी उपसली होती, सडलेल्या पाटीत कोपरापर्यंत हात घालून चांगली मासळी वेचून काढली होती. आता मात्र ती कोपऱ्यातल्या बादलीपाशी जाऊन भडाभडा ओकली. ओकतानाही तो तळवा तिने मिटू दिला नाही, पसरूनच धरला होता.

मागे चिमीने श्वास घेतला. लांब, खरखरीत, पण दोन्ही बाजूंनी. मग ती रडायला लागली आणि डॉक्टर म्हणाल्या, "रडू दे, रडू दे तिला."

ती वस्तू डॉक्टरांनी पाण्याच्या बाटलीत घातली. पाण्यात ती उलगडली आणि तिच्या फांद्या तरंगू लागल्या. चिमीच्या छातीतल्या नळ्यांचा तो हुबेहूब साचा होता. नळ्या सुजून आतला बेडका घट्ट झाला की क्वचित असं होतं, डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ही मुलगी इतके दिवस कुठे होती?"

"माझ्याकडं," इंदुबाई म्हणाली. तिच्या तोंडाला अजून आंबट चव होती. "पण घाण बोईसरची हाय, डाक्टरीणबाई. मी खिडकीसुद्धा उघडी ठेवली नाय."

"बोईसरच्या हवेनेही त्रास होतोच. पण तिथे असताना इतकं कधी झालं नव्हतं. तुमच्या घरात काय असतं?"

"काय असनार? कोळ्याच्या घरात मासळी असतं."

"सुकी?"

उत्तर झुंबरबाईने दिलं, पदराआडून. "त्येच तर असतंय. घरी बी त्येच घेऊन येती. ही येऊन गेली की पोरगी आजारी पडती, मी कवाची सांगते."

"मासळी खाते की ती," इंदुबाई म्हणाली. "काल बोंबील खाल्ला तिनं. कोळ्याच्या पोरीला मासळी बाधते, असं कुठं ऐकलंय तुमी?"

डॉक्टरांनी समजावलं. पोटात गेलेलं एखाद्याला सोसतं, पण वाळलेल्याचा भुसा श्वासातून छातीत गेला तर तोच माणूस गुदमरतो. साठवलेल्या मालात डोळ्यांना न दिसणारे किडेही असतात, तेही श्वासात जातात. पण अंदाजाने बोलण्यापेक्षा चिमी सुधारली की तपासून पाहू, म्हणाल्या. हातावर थेंब टाकून टोचायचं, फुगलं तर तेच, नाही फुगलं तर नाही. तोवर चिमीला सातपाटीला न्यायचं नाही.

किडे. माझ्या जवळ्यात किडे. इंदुबाईला त्या रात्रीपासून दुसरं काही सुचेना. आजवर गिऱ्हाइकाने तिच्या जवळ्यातून एक काडी काढून दाखवली नव्हती. तपासणीचा दिवस ठरला तेव्हा तिने सांगून टाकलं, जवळा मी आणणार. तिने सगळ्यात वरचा माल घेतला, पुन्हा वाळवला, पुन्हा पाखडला, दाणा दाणा निवडला आणि नव्याकोऱ्या डब्यात भरला. हा डबा आपल्याला सोडवणार याची तिला खात्री होती. हातावर काही उठणार नाही, विहिणीचं तोंड एवढंसं होईल, आणि चिमी पुन्हा आपल्याबरोबर येईल.

डॉक्टरांनी डबा घेतला, चिमूटभर जवळा मिठाच्या पाण्यात भिजवला. चिमीच्या हातावर पेनाने खुणा करून तीन ठिकाणी थेंब टाकले आणि टोचलं. एक नुसतं पाणी, एक घरातल्या धुळीचा अर्क, एक इंदुबाईचा जवळा. सगळे त्या हाताकडे बघत बसले. चिमीला मात्र सगळी मजा वाटत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "इथं खाजतंय." पाणी तसंच होतं. धुळीपाशी थोडं लाल झालं होतं. जवळ्यापाशी कातडी फुगली, पांढरी पडली, भोवती लाल वर्तुळ पसरत गेलं आणि पसरतच राहिलं, रुपयाच्या नाण्याहून मोठं.

इंदुबाईने मान वर केली ती झुंबरबाईला सामोरं जायला. तिथे जिंकल्याचा आनंद असेल, आणि तो पाहून आपण पुन्हा ओकू, असं तिला वाटलं. झुंबरबाई चिमीच्या हाताकडे बघत होती. नाकावर पदर नव्हता. "लई जळजळ होती का गं बाळा?" एवढंच ती म्हणाली आणि त्या हातावर फुंकर घालू लागली.

इंदुबाईने डबा बंद केला. घरी जाऊन तिने आतल्या खोलीतल्या चिंध्या ओढून काढल्या आणि उत्तरेची खिडकी सताड उघडली. उजेडात त्या हवेत काय काय तरंगत होतं ते तिला पहिल्यांदा दिसलं. आयुष्यभर ती हेच श्वासात घेत आली होती. तिला स्वतःच्या हातांची, केसांची, अंथरुणाची अशी शिसारी आली की ती त्या खोलीत उभी राहू शकली नाही. पण धंदा सोडून ती खाणार काय? दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सूप घेऊन बसली, फक्त पाखडताना पदर नाकाला बांधला. बाजूच्या बाया हसल्या. तिने त्यांना शिव्या दिल्या.

जुलैत तिला राहवेना. हेमांगीने फोनवर चाचरत चाचरत डॉक्टरांची अट सांगितली. यायचं, पण सातपाटीच्या घरातल्या कपड्यांनी आत यायचं नाही. आधी आंघोळ, केसांवरून, आणि कपडे इथले. आणि हेमांगी घालायची ते ड्रेस आईला होणारे नव्हते.

इंदुबाई बोईसरला उतरली. वास होताच, पावसात भिजून आणखी जड झालेला. तिने नाक धरलं नाही. कुठल्या तोंडाने धरणार? ती मागच्या दाराने मोरीत गेली. तिथे बादलीत कढत पाणी काढून ठेवलेलं होतं, वाटीत शिकेकाई, चंदनाच्या साबणाची वडी. तिने अंग घासलं, केस घासले, नखांतलं काडीने कोरून काढलं, पुन्हा घासलं. साबणाच्या गोड वासाने तिला मळमळत होतं. आपलं लुगडं तिने स्वतःच पिशवीत कोंबून गाठ मारली, नासका मासा गुंडाळावा तशी.

दार किलकिलं झालं आणि झुंबरबाईचा हात आत आला. हातात घडी केलेलं लुगडं होतं. "माझं हाय. कालच धुतलंय," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "आमच्याकडच्यासारखं नेसायला लागंल. ओचा सोडू नका, पायात येईल. थांबा, मी दाखवते."

आयुष्यात पहिल्यांदा इंदुबाई घोट्यापर्यंत लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली. तिला स्वतःलाच आपण कुणी परकी बाई वाटत होतो. चिमी पुढच्या खोलीत खडूने काहीतरी रेखाटत बसली होती. आजीला पाहून ती नेहमीसारखी धावली, कमरेला मिठी मारली आणि लुगड्यात तोंड खुपसून मोठा श्वास घेतला. इंदुबाई ऐकत उभी राहिली. श्वास सरळ आत गेला, सरळ बाहेर आला, कुठे शिट्टी नाही, खरखर नाही.

चिमीने आणखी एक श्वास घेतला. मग पोटावर, मग हातावर, मग तळव्यावर नाक घासून पाहिलं, जसं काही हरवलेलं शोधावं. शेवटी ती एक पाऊल मागे सरली, आजीला खालून वर न्याहाळलं आणि तिने नाक मुरडलं.

"शी," ती म्हणाली. "तुला तर काहीच वास येत नाही."